दुपारच्या नमुन्यांतच पोटॅशियम का वाढते? रक्त आणि शरीरद्रवांचे नमुने घेण्याविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील तीस खाटांच्या रुग्णालयात आपण नुकतेच प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला आहात. सकाळी ओपीडीत घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल व्यवस्थित येतात, परंतु आसपासच्या दोन संकलन केंद्रांवरून दुपारी एकच्या सुमारास जे बल्ब (रक्ताच्या नळ्या) येतात त्यांत पोटॅशियम वाढलेले आणि साखर उतरलेली दिसते. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) मधूनच प्लेटलेट अविश्वसनीय इतक्या कमी येतात. डॉक्टर 'मशीन तपासून घ्या' म्हणतात, आणि यंत्राचे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने) तर रोज मर्यादेत असतात. शिवाय वॉर्डातून पोटातले, छातीतले आणि पाठीतले पाणी मिळेल त्या बाटलीत येते, त्याचे काय करावे, असेही आपण विचारले आहे.

कंट्रोल मर्यादेत असतील आणि तेच यंत्र सकाळचे नमुने बरोबर करत असेल, तर दोष यंत्रात नाही, नमुन्यात आहे. विदर्भातील लहानमोठ्या प्रयोगशाळांत सत्तावीस वर्षे काम केल्यानंतर मी हे खात्रीने सांगतो. प्रयोगशाळेच्या निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रावर चढण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, हे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतूनही पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. तरीही आपल्याकडे यंत्राच्या देखभालीचा करार होतो आणि सुई टोचणाऱ्याला मात्र कोणी काही शिकवत नाही.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात. बल्बमध्ये उतरलेले रक्त मेलेले नसते. त्यातील पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात, आणि त्या साखरेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर आपल्या भिंतीतले पंप चालवून पोटॅशियम आत व सोडियम बाहेर ठेवतात. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या वीसपटींहून अधिक असते. पंप चालू आहे तोवर हा साठा आत राहतो. साखर संपली किंवा थंडीने पंप मंदावला, की तो हळूहळू बाहेर झिरपू लागतो; आणि पेशी फुटली तर एकदमच बाहेर पडतो. आपले दुपारचे नमुने नेमके यांपैकी कोणत्या वाटेने बिघडत आहेत, हे यंत्राला विचारण्याची गरज नाही. सेंट्रिफ्यूज (बल्ब वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणारे यंत्र) फिरवल्यावर बल्ब उजेडासमोर धरला तरी बरेचसे कळते. सिरम (गोठलेल्या रक्तातून वर सुटणारा द्रव) गुलाबी किंवा लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत, म्हणजे टोचताना, बल्ब भरताना किंवा वाहतुकीत धक्के बसले आहेत. सिरम स्वच्छ पिवळसर असूनही पोटॅशियम वाढलेले असेल, तर न फिरवलेले रक्त तासन्‌तास फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवले गेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. 'सॅम्पल थंड ठेवा' हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो सिरम वेगळे केल्यानंतरचा सल्ला आहे, हे क्वचितच कोणी सांगते.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात असाच एक नमुना आला होता. मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान, म्हणून केंद्रावरच्या मुलाने काळजीपोटी बल्ब बर्फाच्या तुकड्यांनी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट खोचून मोटारसायकलच्या डिकीतून आणले होते. बल्ब हातात घेतला तेव्हा काच बोटांना चिकटावी इतकी गार होती आणि झाकणाखाली रक्ताचा फेस होता. मी सिरमचा रंग पाहिला, पण नोंदवला नाही. पोटॅशियम ७.२ आले, म्हणजे हृदयाला धोक्याइतके, आणि मी तसेच लिहून दिले. डॉक्टरांनी त्या साठीच्या गृहस्थांना चाळीस किलोमीटरवरून रात्री जीपने बोलावून घेतले. ईसीजी अगदी व्यवस्थित होता. पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ४.३ आले. त्या कुटुंबाने ती रात्र कशी काढली असेल, हे मी आजही विसरलेलो नाही. त्या दिवसापासून सिरमचा रंग पाहिल्याशिवाय आणि तो अहवालावर लिहिल्याशिवाय मी एकही पोटॅशियम बाहेर सोडलेले नाही.

साखरेचे गणित त्याहून सोपे आहे. साखर मोडणे रोखणारे प्रतिबंधक नसलेल्या बल्बमध्ये, साध्या तापमानाला, साखर दर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरते, आणि उकाड्यात त्याहून वेगाने. सकाळी आठला घेतलेले रक्त दुपारी एकला फिरवले तर शंभरची साखर सत्तर-पंच्याहत्तरवर आलेली असते. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही त्यांना आपण 'ठीक आहे' असे सांगून घरी पाठवतो. करड्या झाकणाच्या फ्लोराइड बल्बने हा प्रश्न सुटतो, पण पूर्णपणे नाही. फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीतील बरीच खालची पायरी अडवते, त्यामुळे पहिला तास-दोन तास वरच्या पायऱ्यांवर साखर खर्च होतच राहते आणि त्यानंतरच ती स्थिर होते. म्हणून फ्लोराइडचा बल्बही लगेच आइस पॅकजवळ ठेवून शक्य तितक्या लवकर फिरवावा. त्याच बल्बमधून इलेक्ट्रोलाइट मात्र कधीही करू नयेत. त्यातील क्षारांमुळे सोडियम-पोटॅशियमचे आकडे निरर्थक होतात.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही केंद्रांवर एक लहान सेंट्रिफ्यूज. क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटरचा (रक्त लवकर गोठवणारा) बल्ब असेल तर उभा ठेवून अर्धा तास, साधा प्लेन बल्ब असेल तर सुमारे एक तास रक्त गोठू द्यावे, आणि रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत ते फिरवून सिरम वेगळे करावे. घाईने अर्धवट गोठलेले रक्त फिरवले तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि ते यंत्राच्या सुईत अडकतात. जेल बल्ब (फिरवल्यावर सिरम आणि पेशी यांच्यामध्ये जेलचा थर बसणारा) असेल तर एकदाच फिरवावा. सिरम कमी वाटले म्हणून तोच बल्ब पुन्हा फिरवला, तर जेलखाली पेशींजवळ साचलेले पोटॅशियम वर येते. सेंट्रिफ्यूज घेणे शक्यच नसेल, तर पोटॅशियम लागणारा रुग्ण तुमच्याकडेच पाठवावा, असे केंद्राला स्पष्ट सांगितलेले बरे.

आता मूळ कामाकडे, म्हणजे रक्त काढण्याकडे वळू. सुईच्याही आधी नाव येते. 'तुम्ही अमुक का?' असे कधीही विचारू नये. आजारी, ऐकू कमी येणारा किंवा नुसता घाबरलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. 'तुमचे पूर्ण नाव सांगा' असे विचारावे आणि वय किंवा नोंदणी क्रमांक ताडून पाहावा. आपल्याकडे याला एक खास अडचण आहे. केस पेपरवर सासरचे नाव, आधार कार्डावर माहेरचे आणि सोबतचा माणूस तिसऱ्याच घरगुती नावाने हाक मारतो, असे अनेक स्त्रियांच्या बाबतीत घडते. त्यामुळे दोन ओळखखुणा जुळल्याशिवाय टूर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) बांधू नये. लेबल रक्त घेतल्यानंतर, रुग्णासमोर, जागेवरून उठण्यापूर्वी लावावे. सकाळीच दहा बल्बांवर नावे लिहून ट्रेमध्ये रांगेने लावून ठेवण्याची सवय सोयीची वाटते, परंतु एका रुग्णाचे रक्त दुसऱ्याच्या नावाच्या बल्बमध्ये जाण्याची ती सर्वांत सरळ वाट आहे. क्रॉसमॅचच्या (रक्त देण्यापूर्वीच्या जुळणीच्या) नमुन्यावर नावाची चूक दिसली तर खाडाखोड करून ती सुधारू नये, तो नमुना टाकून नवा घ्यावा. रक्तगटाच्या बाबतीत तर आणखी एक आठवण ठेवावी. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत ज्याचा शोध लावला तो 'बॉम्बे' रक्तगट, नुसते पेशींचे ग्रुपिंग केले तर 'ओ' म्हणूनच दिसतो; सिरमकडून उलट तपासणी करताना ओ पेशीही गुठळतात, तेव्हा तो ओळखू येतो. म्हणजे त्या रुग्णासाठी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) एका बल्बवर सगळे भागवणे आणि नीट घेतलेला, नीट नाव लावलेला, पुरेसा नमुना असणे यांत जीवनमरणाचे अंतर असू शकते.

टूर्निकेट टोचण्याच्या जागेपासून चार बोटे वर बांधावे आणि एका मिनिटाच्या आत सोडावे. अधिक वेळ आवळून ठेवले तर शिरेतील पाणी बाहेर झिरपते आणि प्रथिने, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल हे सगळे वाढलेले दिसते. रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. शीर फुगते हे खरे, पण स्नायूंतून बाहेर पडणारे पोटॅशियम त्याच रक्तात येते. मूठ एकदा मिटून धरणे पुरेसे असते. शीर सापडत नसेल तर टूर्निकेट सोडून हात खाली लोंबकळू द्यावा, कोमट पाण्यात भिजवलेला कपडा ठेवावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा बांधावे. स्पिरिटने पुसल्यावर जागा अर्धा मिनिट वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली तर रुग्णाला झोंबते, जंतू पुरते मरत नाहीत आणि स्पिरिट रक्तात मिसळले तर पेशी फुटतात. वाळण्यासाठी फुंकर मारणे आणि टोचण्याच्या जागेला पुन्हा बोट लावून पाहणे, या दोन्ही सवयी सोडाव्यात.

सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. साखर सहाशेच्या वर आणि सोडियम पार खाली, असा अहवाल आला की मी आधी वॉर्डात फोन करून 'कोणत्या हाताचे घेतले, सिस्टर?' असे विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाइन) चालू असलेल्या हाताचेच असते. दुसरा हात उपलब्धच नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाइन किमान दोन मिनिटे बंद ठेवावे, सलाइनच्या सुईच्या खालच्या बाजूने टोचावे आणि सुरुवातीचे पाचेक मिलिलिटर रक्त टाकून द्यावे. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेली शीर) असलेला हात आणि स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात टाळावा.

बल्ब भरण्याचा क्रम ही पाठांतराची गोष्ट नाही, त्यामागे कारण आहे. आधी ब्लड कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची बाटली), मग निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग सिरमचा लाल किंवा पिवळा, मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा ईडीटीए आणि शेवटी करडा फ्लोराइड. कल्चर पहिले, कारण त्यात बाहेरचा जंतू जाता कामा नये. ईडीटीए सिरमच्या नंतर, कारण त्याचा एक थेंब जरी सुईबरोबर पुढच्या बल्बमध्ये गेला तरी त्यातील पोटॅशियमचा क्षार पोटॅशियम वाढवतो, आणि ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकते. वाढलेले पोटॅशियम, विलक्षण उतरलेले कॅल्शियम आणि त्याबरोबर कमी झालेले अल्कलाइन फॉस्फटेज (एक एन्झाइम) ही तिन्ही एकत्र दिसली, तर रुग्णाला काही झालेले नाही, कोणीतरी जांभळ्या बल्बमधले रक्त लाल बल्बमध्ये ओतले आहे, असे समजावे. 'लाल बल्बमध्ये कमी पडले म्हणून थोडे यातले घातले' असे निरागसपणे सांगणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना रागावून उपयोग नसतो, कारण सांगितले की ती पुन्हा तसे करत नाहीत.

लहान रुग्णालयांत अजूनही साध्या सिरिंजने रक्त घेऊन ते बल्बांमध्ये वाटले जाते. ते करायचेच असेल तर दट्ट्या जोराने ओढू नये. बारीक सुईतून वेगाने ओढलेल्या रक्तातील पेशी फुटतात. सुई सुरक्षितपणे वेगळी करून, बल्बच्या भिंतीवरून रक्त संथपणे सोडावे. सुईतूनच दाबून फवारा मारू नये. प्रौढांसाठी २१ गेजची सुई योग्य, शिरा नाजूक असतील तर २३ गेजची (त्याहून बारीक) किंवा स्कॅल्प व्हेन (पंख असलेली बारीक सुई). भरल्याबरोबर बल्ब हलकेच उलटासुलटा करावा: ईडीटीए आठ ते दहा वेळा, सायट्रेट तीन-चार वेळा. हलवणे म्हणजे खुळखुळ्यासारखे वाजवणे नव्हे.

यातूनच आपल्या प्लेटलेटच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पावसाळा संपता संपता डेंग्यूची साथ आली की गावोगावी लोकांना प्लेटलेटचा आकडा तोंडपाठ असतो, आणि अठरा हजार असा अहवाल हातात पडताच घरातील माणसे मोठ्या शहराकडे गाडी काढतात. अशा प्रत्येक आकड्याआधी झाकण काढून एका काडीने बल्ब चाळून पाहावा. तांदळाच्या कणीएवढी गुठळी जरी काडीला लागली तरी तो आकडा रद्द, कारण हजारो प्लेटलेट त्या गुठळीत अडकलेल्या असतात. गुठळी नसेल तर स्मीअर (काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर) करून कडेला आणि शेपटाला प्लेटलेटचे पुंजके दिसतात का ते पाहावे. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच एकमेकींना चिकटतात. हा आजार नव्हे, बल्बमधला प्रकार आहे. अशा वेळी सायट्रेटच्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घ्यावे आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावे, कारण सायट्रेटच्या पाण्याने रक्त तेवढे पातळ झालेले असते. यंत्राने छापलेला कमी आकडा स्मीअर न पाहता सहीसाठी पुढे करणे, ही मला या व्यवसायातील अक्षम्य गोष्टींपैकी एक वाटते.

सायट्रेटचा बल्ब खुणेपर्यंतच भरावा. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असे प्रमाण ठरलेले आहे. अर्धा भरला तर सायट्रेट जास्त होऊन एपीटीटी (रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी) विनाकारण लांबते, आणि त्यावरून एखाद्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

वेळेच्या बाबतीत रुग्णाशी बोलणे हेही नमुना घेण्याचेच काम आहे. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास, पण पाणी चालते. 'पाणीसुद्धा प्यायलो नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या वृद्धांच्या शिरा सापडत नाहीत. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायची असते, जेवण संपल्यापासून नव्हे. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचे प्रथिन) आणि त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडे) तपासायचे असते. म्हणून फॉर्मवर ताप कधीपासून आहे ते लिहिलेच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगासाठी रक्त रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घेतात, कारण त्या कृमीची पिल्ले त्याच वेळी त्वचेजवळच्या रक्तात येतात. दिवसा घेतलेला उत्तम स्मीअरही खोटा निगेटिव्ह ठरू शकतो. त्या मोहिमांत कंदिलाच्या उजेडात दारोदार फिरलेले कर्मचारी मी जवळून पाहिले आहेत, आणि झोपेतून उठवलेल्या माणसाला बोट पुढे करायला राजी करणे हे किती कसबाचे काम आहे, ते मला ठाऊक आहे.

आता शरीरद्रवांविषयी. येथे पहिला फरक हा की रक्त पुन्हा घेता येते, पाठीतले पाणी सहज पुन्हा घेता येत नाही. म्हणून सीएसएफचा, म्हणजे या पाठीतल्या पाण्याचा, नमुना चुकीच्या बाटलीत आला तरी फेकू नये. आधी डॉक्टरांशी बोलावे, जे शक्य आहे ते करावे आणि मर्यादा अहवालावर लिहावी. ते तीन निर्जंतुक नळ्यांत, क्रमांक टाकून घ्यावे. पहिल्या नळीत टोचण्याचे रक्त येण्याचा संभव असतो म्हणून ती रसायन तपासणीला, दुसरी जंतूंसाठी आणि तिसरी पेशी मोजण्यासाठी वापरावी. पेशींची मोजणी तासाभराच्या आत करावी, कारण त्या फार लवकर विरघळतात. कल्चरसाठीचे सीएसएफ फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये. मेंदूज्वराचे काही जंतू थंडीने मरतात आणि मग कल्चर निगेटिव्ह येते. विषाणूंच्या पीसीआरसाठीची (जनुकीय तपासणीची) नळी मात्र थंड ठेवायची असते. सीएसएफमधील साखर रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते, तेव्हा त्याच वेळची रक्तशर्करा सोबत नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

पोटातल्या आणि छातीतल्या पाण्यालाही हेच लागू होते. पेशींसाठी ईडीटीएचा बल्ब, प्रथिने व इतर रसायनांसाठी प्लेन बल्ब, कल्चरसाठी निर्जंतुक डबी, असे तीन भाग वॉर्डात तयार ठेवावेत आणि त्याच दिवशीचे सिरमही मागवावे. सिरममधील आणि पोटातल्या पाण्यातील अल्ब्युमिन (एक प्रथिन) यांतील फरक दर डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा अधिक असेल तर यकृताकडच्या शिरांतील दाब वाढल्याची शक्यता दिसते. छातीतल्या पाण्याचे स्वरूप ठरवायलाही सिरमची प्रथिने आणि एलडीएच (पेशींतील एक एन्झाइम) लागते. यकृताच्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्गाची शंका असेल, तर डॉक्टरांना विनंती करून दहा मिलिलिटर पाणी खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घालून घ्यावे. डबीतून प्रयोगशाळेत आणून कल्चर लावण्यापेक्षा त्यात जंतू सापडण्याचे प्रमाण बरेच अधिक असते.

एक विनंती मी प्रत्येक शल्यचिकित्सकाला करत आलो आहे. क्षयरोगाच्या शंकेने गाठ काढली तर ती सगळीच्या सगळी फॉर्मलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रवात) टाकू नका. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, त्यावर कल्चर होत नाही आणि औषधांना दाद देणारा की न देणारा क्षय हे कळण्याची मोठी संधी हातची जाते. एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये, उरलेला दसपट फॉर्मलिनमध्ये, ही सूचना शस्त्रक्रियागृहाच्या दारावर चिकटवून ठेवावी.

थुंकीच्या बाबतीत सगळा खेळ रुग्णाला समजावण्याचा आहे. डबीत लाळ आली, तर गोव्याच्या मोलबायोने बनवलेले ट्रूनॅट असो की सीबीनॅट, क्षयाचा जंतू शोधणारे कोणतेही यंत्र त्यातून तो कुठून काढणार? सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरून, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून आलेला बेडका हवा. दोन ते पाच मिलिलिटर पुरतो. हे उघड्यावर, हवेशीर जागी करावे, प्रयोगशाळेच्या खोलीत किंवा संडासात नव्हे. मी रुग्णासमोर स्वतः खोल श्वास घेऊन दाखवतो. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

लघवीच्या कल्चरसाठी जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्यावी आणि नमुना दोन तासांत लावावा, नाहीतर चार अंशांवर ठेवावा. उष्ण खोलीत राहिलेल्या डबीत मूठभर जंतूंचे लाखावर होतात आणि रुग्णाला नको असलेले अँटिबायोटिक मिळते. चोवीस तासांची लघवी घेताना पहिल्या सकाळची टाकायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरायची, हे तोंडी न सांगता मराठीत छापून द्यावे.

आपल्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयी मी आग्रहाने लिहितो. सुईला टोपण परत लावू नये. सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. सुई कापलेले प्लॅस्टिकचे बल्ब व सिरिंज लाल पिशवीत. काचेचे सामान निळ्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्यात, ही २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतील विभागणी आहे. तपासून झालेले रक्ताचे नमुने मात्र प्रयोगशाळेतच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायचे असतात. रक्त सांडले तर वर कागद टाकून एक टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) किमान दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग पुसावे. सुई टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात धरू नये. साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, व ती अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात. हेपॅटायटिस बीची लस आपण घेतली नसेल तर या आठवड्यातच पहिला डोस घ्यावा. संकलन केंद्रावरच्या मुलांनाही तो मिळाला आहे का, हे आपणच विचारावे. ते विचारणारे त्यांना दुसरे कोणी नसते.

खराब नमुना परत पाठवताना नव्या माणसाला भीती वाटते, हे मी समजू शकतो. त्यासाठी एक वही ठेवावी. तारीख, कुठून आला, काय दोष होता, कोणाला आणि किती वाजता कळवले, एवढेच लिहावे. महिनाभरात त्या वहीतून दोष कुठल्या केंद्राचा आणि कुठल्या प्रकारचा हे स्पष्ट दिसू लागते, आणि डॉक्टरांशी बोलताना आपल्या हातात तक्रारीऐवजी नोंद असते.

डॉक्टरांना 'मशीन नव्हे, नमुना' हे पटवायचे असेल तर येत्या आठवड्यात एक साधी चाचणी करावी. दूरच्या केंद्रावर सकाळी आठला स्वतः जाऊन, एका निरोगी सहकाऱ्याच्या संमतीने त्याचे रक्त एकाच टोचणीत तीन प्लेन बल्बमध्ये घ्यावे. सोबत नेलेल्या सेंट्रिफ्यूजवर पहिला बल्ब तासाभराने फिरवून सिरम वेगळे करावे. दुसरा बल्ब न फिरवता नेहमीच्या डब्यातून, नेहमीच्याच माणसाबरोबर, नेहमीच्याच गाडीने येऊ द्यावा. तिसरा न फिरवता फ्रिजमध्ये ठेवून सोबत आणावा. दुपारी एकला तिन्हींची साखर आणि पोटॅशियम एकाच यंत्रावर, एकापाठोपाठ एक लावावे, आणि तीन आकडे एका कागदावर लिहून, तिन्ही बल्बांसह डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावेत.